कोणता पाय लंगडतो?

प्रस्तावना

एखादा माणूस लंगडतोय हे लहान पोरालाही कळतं. कोणता पाय लंगडतोय असं विचारलं की मात्र जाणती माणसंही चुकतात. डाव्या गुडघ्यात कळ येत असेल तर माणूस डाव्या पायावर फार वेळ भार ठेवत नाही. उजवा पाय घाईघाईने पुढे टेकवतो आणि डावा मोकळा करतो. त्या घाईत उजव्या पायाचं पाऊल आखूड पडतं. बघणाऱ्याला आखूड पाऊल तेवढं दिसतं आणि तो उजव्या पायाला दोष देऊन मोकळा होतो. दुखणं एका पायात आणि खूण दुसऱ्या पायात, असं चालण्याच्या बाबतीत वारंवार घडतं. म्हणून चाल नुसती बघून भागत नाही, ती मोजावी लागते आणि मोजलेलं नीट शब्दांत मांडावं लागतं.

हे पुस्तक त्यासाठी आहे. फिजिओथेरपीचे मराठी विद्यार्थी, गावोगाव फिरणाऱ्या आशाताई आणि घरात म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळणारे मुलगे-सुना डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलं आहे. यातली बहुतेक उदाहरणं हवेली तालुक्यातल्या लोणी काळभोर आणि आसपासच्या गावांमधली आहेत, कारण माझं काम तिथलं. माणसांची नावं कुठेही दिलेली नाहीत.

आधी थोडी परिभाषा. पायाची टाच जमिनीला टेकली की चालीचा एक फेरा सुरू होतो आणि त्याच पायाची टाच पुन्हा टेकली की तो पुरा होतो. फेऱ्याचे १०० भाग केले तर साधारण ६० भाग तो पाय जमिनीवर असतो आणि ४० भाग हवेत. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ एका फेऱ्यात दोनदा येतो, प्रत्येक वेळी सुमारे १० भाग. माणूस धावायला लागला की हा काळ उरतच नाही. वय झालेल्या, एकदा पडून धास्तावलेल्या किंवा ओल्या फरशीवरून निघालेल्या माणसाचा हाच काळ वाढतो. एका पायाच्या टाचेपासून दुसऱ्या पायाच्या टाचेपर्यंतचं अंतर म्हणजे पाऊल आणि एकाच पायाच्या लागोपाठ दोन टाचांमधलं अंतर म्हणजे ढांग. पुढे सगळीकडे हे शब्द याच अर्थाने येतील.

या फेऱ्याचे आठ टप्पे पाडण्याची पद्धत आज जगभर रूढ आहे. ती कॅलिफोर्नियातल्या रांचो लॉस अमिगोस रुग्णालयात डॉ. जॅकलिन पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. विद्यार्थी हे आठ टप्पे पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात, कारण त्यांना ते यादी म्हणून शिकवले जातात. खरं तर प्रत्येक टप्प्याला एक काम नेमून दिलेलं आहे आणि स्नायू कमजोर झाला की त्या कामाच्या वेळीच तो उघडा पडतो. नडगीच्या पुढचा स्नायू घ्या. पाय हवेत असताना चवडा वर धरून ठेवणं हे त्याचं एक काम आणि टाच टेकल्यावर चवडा हळूहळू खाली सोडणं हे दुसरं. कुष्ठरोगात गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस बाधली की हा स्नायू लुळा पडतो. मग बोटं जमिनीला घासू नयेत म्हणून माणूस गुडघा गरजेपेक्षा उंच उचलतो आणि पाय टेकताना चवडा थापकन आपटतो. ती थाप दाराआडूनही ऐकू येते. कान देऊन ऐकणं हीसुद्धा तपासणीच आहे. डोळ्यांना पर्याय म्हणून नव्हे, जोड म्हणून विद्यार्थ्यांनी चाल ऐकायचीही सवय लावावी, असा माझा आग्रह आहे.

मोजण्याचा इतिहास इथे थोडक्यात देते. सविस्तर माहिती दुसऱ्या प्रकरणात आहे. जर्मनीतल्या वेबर बंधूंनी १८३६ मध्ये चालण्याच्या यंत्रणेवर पुस्तक लिहिलं. फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारेने एकाच काचेवर लागोपाठ छायाचित्रं टिपून हालचाल कागदावर आणली. पण मला सर्वांत भारावून टाकतं ते ब्राउने आणि फिशर यांचं काम. लायप्झिगमध्ये त्यांनी एका सैनिकाच्या अंगावर वायू भरलेल्या, विजेवर लुकलुकणाऱ्या काचेच्या नळ्या बांधल्या आणि त्याला अंधारात चालवून चार कॅमेऱ्यांनी छायाचित्रं घेतली. एका प्रयोगाच्या तयारीतच कित्येक तास जायचे, कारण माणसाला विजेचा धक्का बसू नये म्हणून नळ्या जपून बांधाव्या लागत. पुढची आकडेमोड तर वर्षानुवर्षं चालली. ग्रंथाचा पहिला भाग १८९५ मध्ये निघाला तेव्हा ब्राउने हयात नव्हते. आज प्रयोगशाळेत सांध्यांवर चकचकीत गोळ्या चिकटवून भोवतीच्या कॅमेऱ्यांनी जे काम काही मिनिटांत होतं, त्याचं मूळ या अंधाऱ्या खोलीत आहे.

त्याच १८९५ साली फ्रिडरिश ट्रेंडेलेनबुर्ग या शल्यविशारदाने जन्मतः खुबा निखळलेल्या रुग्णांच्या चालीचं कोडं उलगडलं. एका पायावर उभं राहिल्यावर ज्या खुब्याचा स्नायू दुबळा, त्याच्या विरुद्ध बाजूची कंबर खाली घसरते. घसरलेली बाजू बघून तिथेच आजार शोधण्याची चूक सहज होते. तोल सांभाळायला माणूस दुबळ्या बाजूला धड झुकवतो आणि मग ‘बदकासारखा डुलतो’ असं म्हणून लोक विषय संपवतात. लंगड्या पायाच्या प्रश्नाचं हे दुसरं रूप.

दुसऱ्या महायुद्धाने या शास्त्राला वेग दिला, कारण पाय गमावलेल्या हजारो सैनिकांना पुन्हा चालवायचं होतं आणि त्यासाठी धडधाकट माणूस कसा चालतो हे आधी नेमकं माहीत हवं होतं. बर्कलीत इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम यातूनच उभं राहिलं. १९५३ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधाने चालीचे सहा निर्णायक घटक सांगितले. पुढच्या मोजमापांनी त्यातले काही खोडून काढले, तरी प्रश्न विचारण्याची ती रीत टिकली. आपल्या पुण्यात वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये सुरू झालं तेही याच युद्धामुळे. त्यानंतर दोन-अडीच दशकांनी जयपूरच्या रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवला. परदेशी कृत्रिम पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी होता. जयपूर फूट घालून माणूस मांडी घालतो, उकिडवा बसतो, चिखलात अनवाणी उतरतो. या पायाने एक मोठी गोष्ट दाखवली: चांगली चाल कोणती हे ठरवताना माणूस कुठे राहतो आणि काय करतो हे आधी विचारायला हवं. या पुस्तकाचं म्हणणं तेच आहे, आणि ते मी लोणी काळभोरच्या जमिनीवरून मांडते.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने हडपसर, मांजरी फार्म, कवडीपाट मागे टाकलं की लोणी काळभोर येतं. इथे सकाळी तासभर उभं राहिलं तरी चालींचा मोठा पसारा दिसतो. मुठा उजव्या कालव्याच्या भरावावर बूट घालून झपाझप चालणारे निवृत्त लोक, राजबागेतल्या विद्यापीठाकडे पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन निघालेली मुलं, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बांधावरून येणाऱ्या बाया. श्रावणी सोमवारी रामदऱ्याला आणि संकष्टीला थेऊरला चालत जाणारे वेगळेच. पोलिओने एक पाय बारीक राहिलेली, आता पन्नाशीकडे आलेली माणसंही दिसतात. त्यातली काही प्रत्येक पावलाला हाताने मांडी मागे दाबत चालतात, कारण गुडघा ताठ धरणाऱ्या स्नायूत जोर नसतो आणि ते काम हात करतो. भारताला २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्त जाहीर करण्यात आलं. आजचे विद्यार्थी ही चाल नव्या रुग्णात पाहणार नाहीत, हे केवढं मोठं सुख आहे. पण ती ओळखायला त्यांनी शिकलंच पाहिजे, कारण ज्यांची ती आहे त्यांचे खांदे आणि मनगटं आता दुखू लागली आहेत.

हे सगळं मोजायला लाखोंची प्रयोगशाळा लागत नाही. खडू, टेप आणि घड्याळ पुरतं. सपाट जागेवर १० मीटरची पट्टी आखा. तिच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन मीटर मोकळे सोडा, म्हणजे चाल सुरू होतानाची चाचपड आणि थांबतानाची आवराआवर मोजमापात येणार नाही. मधल्या १० मीटरला किती सेकंद लागले आणि किती पावलं पडली, एवढंच टिपा. समजा, ८ सेकंद आणि १६ पावलं. म्हणजे वेग सेकंदाला १.२५ मीटर, पाऊल साडेबासष्ट सेंटिमीटर, मिनिटाला १२० पावलं. ही तब्येतीने ठीक असलेल्या माणसाची चाल. आता दुसऱ्या कुणाला तेवढ्याच अंतराला १४ सेकंद लागले आणि २८ पावलं पडली. मिनिटाला पावलं १२० च! ताल बिघडलेला नाही, पण पाऊल ३६ सेंटिमीटरच्या आत आलं आणि वेग ०.७१ वर. घरचे म्हणतात, ‘बाबा तुरुतुरु चालतात की, पाय चांगले आहेत.’ ते तुरुतुरु चालणं कंपवाताची सुरुवात असू शकते, आणि हे सांगणारा आकडा काढायला एक खडू पुरला.

वेगाच्या आकड्याला मी सर्वांत जास्त मान देते. स्टेफनी स्टुडेन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हजारो वृद्धांच्या नोंदी एकत्र करून दाखवलं की चालण्याचा वेग आणि पुढचं आयुर्मान यांचा जवळचा संबंध आहे. हृदय, फुप्फुसं, मज्जासंस्था, सांधे, डोळे, या सगळ्यांना मिळून चालावं लागतं. यातलं काहीही खालावलं की वेग खालावतो. आणि त्याचा अर्थ रस्त्यावर लगेच कळतो. रस्ता ओलांडायला किती वेळ द्यायचा याचा हिशेब करताना पादचाऱ्याचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. १४ मीटर रुंदीचा रस्ता त्या वेगाने १२ सेकंदांत पार होतो. ०.७१ ने चालणाऱ्याला २० सेकंद लागतात. लोणी स्टेशन चौकातून सोलापूर रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी ते जास्तीचे ८ सेकंद म्हणजे काय, हे तिथे उभं राहिल्याशिवाय समजत नाही.

१० मीटरच्या पट्टीची एक मर्यादा आहे. ती सरासरी देते, आणि सरासरीत डावं-उजवं बुडून जातं. त्यासाठी जुनाच उपाय उत्तम: पाय ओले करून तपकिरी कागदावरून चालवायचं. लोणीतल्या एका घराच्या ओसरीवर मी एका आजींना असं चालवलं. घरच्यांची तक्रार होती की आजींचा डावा पाय ‘बारीक पडतो’. कागद अंथरला, आजींनी लुगड्याचा काठ वर धरला आणि भिंतीला हात न लावता त्या चालत गेल्या. ओले ठसे वाळायच्या आत मी टाचांभोवती पेन्सिल फिरवली. डाव्या पायाचं पाऊल ३० सेंटिमीटर, उजव्याचं ४४. ‘आजी, दुखतं कुठं?’ मी विचारलं. त्यांनी उजव्या खुब्यावर हात ठेवला. ‘अगं पोरी, मी कवापास्नं सांगतीया उजवा दुखतोय म्हणून. समदी डाव्यालाच तेल चोळत्यात.’ मुलाने माझ्या हातातला टेप घेतला आणि स्वतः एकेक ठसा पुन्हा मोजला. आजींचं म्हणणं आधीच बरोबर होतं. कागदाने फक्त घरच्यांना ते ऐकायला लावलं. रुग्ण काय सांगतो हे वहीत पहिल्या ओळीत लिहायचं आणि आकडे त्याच्याखाली, हा या पुस्तकातल्या सगळ्या तक्त्यांचा क्रम त्यामुळेच आहे.

आता प्रमाणाचा प्रश्न. कोणती चाल ‘सामान्य’ म्हणायची? पाठ्यपुस्तकातले आकडे बहुतेक वेळा सपाट, स्वच्छ फरशीवर, एकट्याने, रिकाम्या हातांनी चाललेल्या माणसांचे असतात. लोणीच्या बांधावर यातलं एकही लागू होत नाही. अनवाणी माणसाचं पाऊल बूटवाल्यापेक्षा आखूड पडतं, आणि त्यात बिघाड काही नाही. बेल्जियमच्या क्रिस्तियान दऊत आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतात जन्मभर अनवाणी चालणाऱ्यांचे पाय तपासले. २००९ मधल्या त्यांच्या अभ्यासात असं आढळलं की त्यांचा चवडा रुंद असतो आणि तळव्यावरचा दाब अधिक सारखा वाटला जातो. सहावारीच्या निऱ्या ढांग आवरतात; काष्ट्याच्या नऊवारीत गुडघा मोकळा राहतो. नातीची आणि आजीची ढांग शेजारी मांडताना वयाबरोबर वस्त्राचीही नोंद करावी लागते.

डोक्यावरच्या ओझ्याचं तर आणखी नवल. केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवरचा एक अभ्यास १९८६ मध्ये ‘नेचर’ मध्ये छापून आला. त्यात दिसलं की स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढं ओझं डोक्याच्या आधाराने घेऊनही त्यांना चालायला जास्तीची ऊर्जा लागत नव्हती. चालताना शरीर टेकलेल्या पायावरून वर चढतं आणि पुढे उतरतं. चढताना साठलेली शक्ती उतरताना वेगात बदलते. ओझ्याखाली या बायकांची ही देवाणघेवाण अधिक चोख होत होती, असं त्याच चमूतल्या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं. वैरणीचा भारा घेऊन बांधावरून ताठ मानेने येणाऱ्या आपल्या बायांचं असं मोजमाप व्हायला हवं. त्यांच्या मानेच्या आणि गुडघ्याच्या दुखण्यावर इलाज करणाऱ्यांनी आधी त्यांचं कसब समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि लोणी काळभोर म्हटलं की वारी आलीच. ज्येष्ठाच्या वद्य पक्षात पुण्याचा मुक्काम हलवल्यावर दोन्ही पालख्या हडपसरपर्यंत येतात. माउलींची दिवेघाटाकडे वळते आणि तुकोबारायांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला मुक्कामी येते. दुसऱ्या दिवशी उरुळी कांचनचा विसावा घेऊन यवत. तुकोबारायांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला, तेव्हापासून ही वाट पावलांनी मळलेली आहे. देहूपासून पंढरपूरपर्यंत सुमारे २५० किलोमीटर धरले आणि पाऊल ६० सेंटिमीटरचं मानलं, तर एक वारकरी ४ लाखांहून अधिक पावलं टाकतो. प्रत्येक पावलाला जमिनीचा उलटा दाब दोनदा शरीराच्या वजनाच्या वर जातो. ६० किलोच्या माणसाच्या पायावर तो ६६ ते ७२ किलोपर्यंत येतो.

वारीची चाल मोजू पाहणाऱ्याला दोन गोष्टी अडवतात आणि त्या दोन्ही फार मोलाच्या आहेत. पहिली म्हणजे गर्दी. पुढच्याच्या टाचेवर पाय पडू नये म्हणून पाऊल आपोआप आखडतं. २००९ मध्ये जर्मन आणि भारतीय लोकांना एका रांगेत चालवून केलेल्या तुलनेत असं दिसलं की दाटी वाढल्यावर भारतीयांचा वेग जर्मनांइतका पडत नाही. आपण कमी जागेत चालायला सरावलेलो आहोत. दुसरी गोष्ट म्हणजे टाळ. दिंडीत पाऊल टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पडतं, आणि पावली खेळताना तर पाय पूर्णपणे ठेक्याच्या ताब्यात असतो. मायकेल थाउट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये कंपवाताच्या रुग्णांना ठरावीक ठेका ऐकवत चालण्याचा सराव दिला, तेव्हा त्यांचा वेग आणि ढांग दोन्ही वाढले. आतला ताल हरवलेल्या माणसाला बाहेरचा ताल चालवतो. आमच्याकडे कंपवाताच्या रुग्णांना मी मेट्रोनोमच्या टकटकीऐवजी टाळाच्या ठेक्यावर चालवते, कारण तो त्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेला असतो. त्याची पद्धत सातव्या प्रकरणात दिली आहे.

इरावती कर्वे यांचा वारीवरचा ‘वाटचाल’ हा लेख मराठी वाचकांना ठाऊक आहे. माणसांची मापं घेणं हा त्यांचा आयुष्यभराचा व्यासंग. महाराष्ट्राच्या मानवमितीवरचं वि. म. दांडेकरांबरोबरचं त्यांचं पुस्तक १९५१ मध्ये आलं. मानवमिती उभ्या, स्थिर माणसाची उंची आणि अवयव मोजते. त्यांनी सुरू केलेल्या वाटेवर चालत्या माणसाचं मोजमाप हा पुढचा टप्पा आहे, आणि त्याला वारीइतकी योग्य जागा नाही.

म्हणून पुस्तकाच्या शेवटी एक कोरा तक्ता जोडला आहे. वापर असा: लोणी काळभोरच्या मुक्कामात, संध्याकाळी पाय धुवून झाल्यावर, वारकऱ्याची परवानगी घेऊन त्याला १० मीटर चालवा. सेकंद, पावलं, पायात काय होतं, डोक्यावर किंवा खांद्यावर किती ओझं, कुठे दुखतं, कितवी वारी, एवढं लिहा. जमल्यास ओल्या पायांचे ठसेही घ्या. पंढरपूरच्या आधी वाखरीच्या मुक्कामात त्याच माणसाचं तेच मोजमाप पुन्हा करा. एका गावातल्या दोन आशाताई आणि वाखरीतला एक विद्यार्थी मिळून हे करू शकतात. तक्त्यावर वारकऱ्याचं नाव नको. दिंडीचा क्रमांक आणि वय पुरे. ‘दुखतं का?’ या रकान्यात हो-नाही लिहू नका. तो जे शब्द वापरेल, तेच जसेच्या तसे लिहा.